निगेटिव्हचा वाढदिवस

गिफ्ट या विषयावर इंजिनिअरिंगच्या पोरांनी लिहावं, हा तसा विनोदच आहे. आमच्याकडे वाढदिवस म्हणजे रात्री बारा वाजता केक तोंडाला फासायचा, बर्थडे बॉयला यथेच्छ बदडायचं आणि सकाळी त्याच्याच खिशातून तर्री-पोहे खायचे. गिफ्ट द्यायचंच झालं तर मग, फोटोफ्रेम नाहीतर पाकीट. पाकिटात ठेवायला काही नसतं ही गोष्ट वेगळी!

पण या वर्षी आमच्या ग्रुपसमोर खरोखरच प्रश्न उभा राहिला, कारण वाढदिवस होता ‘निगेटिव्ह’चा.

निगेटिव्ह म्हणजे आमचा बाभुळगावचा मित्र. खरं नाव मस्टरवर आहे, ते तिथेच असू द्या. यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाभुळगाव लागतं, तिथून हा रोज एसटीने अपडाऊन करतो. नावावरून वाटेल की पोरगा रडका असेल, पण याच्याइतका आनंदी प्राणी आमच्या बॅचमध्ये नाही. हे नाव पडलं ते कॅमेऱ्यामुळे. मामाने नागपूरहून आणलेला सेकंडहँड पेंटॅक्स के-१००० याच्या गळ्यात असतो. हे मॉडेल १९७६ साली आलं आणि १९९७ पर्यंत बनत होतं, म्हणजे कॅमेरा वयाने त्याच्या मालकापेक्षा मोठा. बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला. ती संपली तरी शटर आपलं खटॅक करून पडतंच. मेकॅनिकलच्या पोरांनी तर या कॅमेऱ्याला नमस्कार करायला पाहिजे!

आता तुम्ही म्हणाल, मोबाइलच्या जमान्यात रोलचा कॅमेरा कशाला? आम्हीही हेच म्हणालो होतो. त्याचं उत्तर ऐका. "मोबाइलनं फोटो काढला का लगेच पाहाले भेटते. मंग आपण माणसाकडं पाहात नाही बे, त्याच्या फोटोकडंच पाहून रायतो." एवढं बोलून साहेब चहा प्यायला लागले. फिल्मवाल्यांबद्दल ‘जुन्याचं वेड’ किंवा ‘फॅशन’ असं बोललं जातं, पण मला ते पटत नाही. ३६ फोटोंच्या एका रोलला आता हजाराच्या आसपास मोजावे लागतात, धुवायचे पैसे वेगळे. म्हणजे एक खटका नुसत्या रोलचाच सत्तावीस-अठ्ठावीस रुपयांना पडतो. एवढ्यात दोन प्लेट पोहे येतात. कापूस उत्पादकाच्या घरचा पोरगा फॅशनसाठी हा खर्च करणार नाही.

तर आम्ही पाच जण, प्रत्येकी ५०० रुपये, एकूण अडीच हजार. आता घ्यायचं काय?

पहिली सूचना आली लेन्सच्या आकाराच्या मगाची. ही सूचना प्रत्येक फोटोग्राफरच्या प्रत्येक मित्राला सुचते. त्यामुळे त्या बिचाऱ्याच्या घरी असे तीन मग असतात आणि तो चहा स्टीलच्या कपात पितो. दुसरी सूचना, ज्यातून लगेच फोटो बाहेर येतो तसला इन्स्टंट कॅमेरा. तो बजेटच्या बाहेर आणि त्याची पाकिटं संपली की कोण भरणार? शिवाय ज्याला फोटो लगेच बघायचा नाही, त्यालाच लगेच फोटो देणारं यंत्र! तिसरी सूचना दुसऱ्या लेन्सची. कल्पना चांगली, पण लेन्सचा माउंट जुळावा लागतो. पेंटॅक्सला के माउंटची लेन्स बसते. निकॉनची जुनी लेन्स स्वस्तात मिळाली म्हणून उचलली, तर ती याच्या कॅमेऱ्यावर बसणारच नाही. आणि जुन्या लेन्समध्ये आपल्या हवेत बुरशी धरते. काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती घ्यायची नसते, आणि हे बघायला अनुभवी डोळा लागतो. तो आमच्यापैकी एकालाही नव्हता.

चौथी सूचना मात्र मला आवडली होती, पिवळा फिल्टर. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर निळं आकाश फार पांढरट येतं. पिवळा फिल्टर निळा उजेड थोडा अडवतो, आकाश गडद होतं आणि ढग उठून दिसतात. फुटलेल्या कापसाचं शेत आणि वर गडद आकाश... विचार करा! पण त्यावर सिव्हिलच्या मित्राने एकच वाक्य टाकलं आणि चर्चा तिथेच थांबली. तो म्हणाला, "तो फोटो काढते ते ठीक हाय. पण त्याचे फोटो तुमच्यातल्या कोणी पाह्यले का?"

पाहिले नव्हते. कोणीच नाही.

कारण रोल धुवायची सोय नाही. एक काळ होता, तालुक्याच्या गावी रोल टाकला की दोन-चार दिवसांत पिवळ्या पाकिटात कॉप्या हातात पडायच्या. आता रोल कुरिअरने मोठ्या शहरातल्या लॅबकडे पाठवावा लागतो. निगेटिव्हचा एक रोल असाच पाठवलेला वाटेत गहाळ झाला. त्यानंतर त्याने पाठवणंच बंद केलं. काढलेले रोल तो डब्यात भरून घरच्या फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात ठेवतो. त्या डब्यात तेव्हा तीन रोल होते. त्यातला एक पोळ्याचा होता.

या पोळ्याच्या रोलबद्दल थोडं सांगायला हवं. पोळ्याला बैलांचे फोटो काढता काढता त्याने आजीचेही काढले होते. आजी बैलांना ओवाळताना, आजी वाकळ उन्हात टाकताना, आजी नुसतीच ओट्यावर बसलेली. ती कार्तिकात गेली. घरात तिचे फोटो शोधले तर दोनच निघाले. एक कोणाच्या तरी लग्नातला, तिसऱ्या रांगेत, निम्मा चेहरा पुढच्या माणसाच्या फेट्याआड. दुसरा आधार कार्डावरचा. आधार कार्डावर माणूस कसा दिसतो ते मी सांगायला नको. तेरवीला तोच मोठा करून लावला होता. आणि खरी आजी फ्रिजमध्ये, मेथीच्या जुडीशेजारी!

हे कळल्यावर ग्रुपमध्ये दोन पक्ष पडले. एका पक्षाचं म्हणणं सरळ होतं. अडीच हजार आहेत, आपल्यापैकी एकाने रोल घेऊन स्वतः मुंबईला जायचं, चांगल्या लॅबमधून धुवून आणायचा आणि आजीचा मोठा फोटो फ्रेम करून द्यायचा. बस्स! ऐकायला फार छान वाटतं. मीही दोन दिवस याच पक्षात होतो. पण मग आहेराच्या वहीची आठवण झाली.

आमच्याकडे लग्नात मांडवाच्या तोंडाशी एक जण वही घेऊन बसलेला असतो. कोणी किती आहेर केला ते नावासकट लिहून ठेवतात. कशासाठी? तर उद्या त्यांच्या घरी कार्य निघालं की वही काढायची आणि तेवढं, जमल्यास थोडं जास्त, परत करायचं. ही पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाही, अडल्या वेळी तिचाच आधार होतो. पण यामुळे आपल्याकडे प्रत्येक देण्याला परतीचं तिकीट असतं. आजीचा फोटो आम्ही करून आणला असता, तर निगेटिव्हच्या मनातल्या वहीत आमच्या नावापुढे कोणता आकडा आला असता? तो त्याने कशाने फेडायचा? आणि दुसरं म्हणजे तो रोल त्याचा होता. आजी त्याची होती. बाहेर काय निघेल हे त्याच्या आधी आम्ही बघायचं, हे काही बरोबर वाटेना.

आणि घाईही होती. काढलेला रोल न धुता फार दिवस ठेवायचा नसतो. फिल्मवर उमटलेलं ते न दिसणारं चित्र उष्णतेने आणि दमट हवेने हळूहळू विरायला लागतं. फ्रिजमध्ये ठीक आहे, पण आपल्याकडे मार्च उजाडला की पारा चढायला लागतो, आणि वीज गेली की फ्रिज म्हणजे नुसतं कपाट! मे महिन्यातल्या यवतमाळ जिल्ह्याबद्दल वेगळं काय सांगू?

मग ठरलं, की त्याला स्वतःला रोल धुता येईल असं सामान द्यायचं. लॅबला पाठवायचं की घरी धुवायचं हे त्याचं तो ठरवेल, पण निदान ‘सोय नाही’ हे कारण राहणार नाही.

घरी रोल धुणं म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी प्रयोगशाळा लागते. अहो, आपल्या भारतीय सिनेमाची सुरुवातच अशी घरात झाली! दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) करत होते तेव्हा सरस्वतीबाई फाळके घरातलं सगळं करून रात्री अंधारात कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडायच्या आणि फिल्म धुवायच्या. केमिकल कोणतं, किती, कसं मिसळायचं हे त्या शिकल्या होत्या. म्हणजे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका घरात जे जमलं, ते बाभुळगावात न जमायला काय झालं? (फाळके स्वतः आधी गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा करत होते, हे मला ही शोधाशोध करतानाच कळलं. आपल्याला दरवर्षी त्यांच्या नावाचा पुरस्कार कोणाला मिळाला तेवढंच पाठ!)

आणि रसायनशास्त्र तर आपल्याच सिलॅबसमधलं. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. उजेड पडलेल्या कणांची डेव्हलपर काळी चांदी करतो. उरलेले कण काढून टाकले नाहीत तर तेही उजेडात काळे पडतील, म्हणून फिक्सर. फिक्सर म्हणजे हायपो, म्हणजेच सोडियम थायोसल्फेट. फर्स्ट इयरला आयोडिनच्या टायट्रेशनला ब्युरेटमध्ये भरून थेंब थेंब सोडत होतो आणि रीडिंग मित्राच्या जर्नलमधून उतरवत होतो, तेच ते! चांदीचे क्षार हायपोत विरघळतात हे जॉन हर्शेलने १८१९ साली शोधलं आणि फोटो पक्का करायला त्याचा उपयोग १८३९ मध्ये झाला. कोडॅकचा डी-७६ हा डेव्हलपर १९२७ पासून आजतागायत चालू आहे. त्यात मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट आणि आपला बोरॅक्स! एवढं साधं.

अडचण फक्त टाकीची. रोल गुंडाळायच्या चकतीसकट उजेडबंद टाकी नवी घ्यायची तर आमचं सगळं बजेट तिथेच संपत होतं. शेवटी बाभुळगावातच बसस्टँडच्या बाजूला एका फोटो स्टुडिओत गेलो. पाटी अजून फोटो स्टुडिओची आहे, पण आत झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्म. काका साठीच्या पुढचे.

"काका, रोल धुवायची टाकी आहे का हो तुमच्याकडं?"

काकांनी चष्मा वर केला. "कायची टाकी?"

"रोल धुवायची. निगेटिव्हची."

"आता कोण धुते रे बाबू रोल!" एवढं म्हणाले, पण झेरॉक्स मशीन मात्र बंद केली. खुर्चीवर खुर्ची ठेवून माळ्यावर चढले (आम्ही खालून खुर्ची धरली) आणि एक खोकं काढलं. त्यात काय नव्हतं! स्टीलची टाकी, दोन चकत्या, निगेटिव्ह टांगायचे चिमटे, मोजमापाचा प्लास्टिकचा मग आणि ‘इंदू’चं रिकामं खोकं. इंदू म्हणजे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा माल. सरकारने १९६० साली कंपनी काढली, १९६७ पासून फिल्म बनायला लागली. काका सांगत होते, ब्लॅक अँड व्हाइटच्या जमान्यात तेच वापरायचे. १९९६ मध्ये तो कारखाना आजारी ठरला, पुढे कायमचा बंद झाला. कोडॅकसारख्या कोडॅकनेही २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता, तिथे उटीचं काय! कोडॅक सावरली, तिची फिल्म अजून बनते. इंदूचं मात्र खोकंच उरलं.

पैशांचं विचारलं तर काका बोलेनात. कोणासाठी ते विचारलं. सांगितलं. "अच्छा, बुढीचा नातू होय?" असं म्हणून जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तीनशे द्या." मला वाटतं फुकट द्यायला ते तयार होते, पण आम्ही घेतलं नसतं हे त्यांना कळलं असावं. वरून एक खराब झालेला जुना कलर रोल दिला. म्हणाले, हा उजेडात, उघड्या डोळ्यांनी चकतीवर दहा वेळा चढवायचा. मग डोळे मिटून दहा वेळा. मग अंधारात. "चकतीवर फिल्म फिल्मला चिकटली का तेवढा भाग धुतल्या जात नाही. डाग पडते. माह्याकडून एका लग्नातला मंगळसूत्राचाच फोटो गेला होता!"

उरलेल्या पैशांत डी-७६ चं पाकीट, फिक्सर, लॅबच्या दुकानातून एक थर्मामीटर आणि ब्लॅक अँड व्हाइटचा एक नवा रोल, इलफर्ड एचपी-५, जो आजीच्या रोलचाच भाऊ. एक्स्पायर झालेले रोल ऑनलाइन स्वस्त दिसतात. मजा म्हणून ठीक आहेत, पण सरावासाठी नकोत. फोटो बिघडला तर चूक धुण्यात झाली की रोलच मेलेला होता, ते कळत नाही.

वाढदिवस संक्रांतीच्या आगेमागे असतो, हे आमचं नशीब. डेव्हलपरला २० अंशांचं पाणी लागतं. २० अंशांना एचपी-५ साडेसात मिनिटांत होतो. पाणी गरम झालं की वेळ कमी होतो, आणि पाच मिनिटांच्या खाली गेलं की धुलाई सगळीकडे सारखी होत नाही. जानेवारीत बाभुळगावात रांजणातलं पाणी सकाळी २० च्या आसपासच असतं. मे मध्ये हाच उद्योग करायचा तर बर्फाची लादी आणावी लागेल. गंमत म्हणजे कलर निगेटिव्हच्या प्रोसेसला ३७.८ अंश लागतात. ते मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून थेट नळाला येईल! इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकांना पाणी तापवायला हीटर घ्यावा लागतो.

गिफ्ट दिलं. खोकं उघडून तो काहीच बोलला नाही. टाकीचं झाकण उघडलं, लावलं. परत उघडलं. मग म्हणाला, "काकाची हाय ना?" आणि त्या रात्री केक फासायला सुद्धा त्याने विरोध केला नाही, त्यामुळे आमचीच मजा गेली.

पुढचे काही दिवस तो एसटीत डोळे मिटून खराब रोल चकतीवर चढवताना दिसायचा. कंडक्टरने विचारलंसुद्धा. नवा रोल त्याने दोन दिवसांत संपवला: आम्ही, कॉलेजचं गेट, टपरी, झोपलेलं कुत्रं, परत आम्ही. रविवारी बाभुळगावला त्याच्या घरी तो धुतला. डेव्हलपर आदल्या रात्रीच गरम पाण्यात कालवून थंड करून ठेवला होता. बाटलीवर त्याच्या आईने मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहून चिकटवलं होतं, कारण बाटली पूर्वी सरबताची होती. धुण्याच्या पाण्याबद्दल एक सांगतो, नळ सोडून द्यावा लागत नाही. इलफर्डचीच पद्धत आहे. टाकी भरून पाच वेळा उलटीसुलटी करायची, पाणी फेकायचं, मग दहा वेळा, मग वीस. तीन टाक्यांत काम होतं. यवतमाळच्या पाण्याचे उन्हाळे ज्याने काढले त्यालाच याचं महत्त्व! वापरलेल्या फिक्सरमध्ये मात्र चांदी उतरलेली असते. ते विहिरीजवळ किंवा शेतात ओतायचं नाही, कॅनमध्ये साठवायचं.

त्या रोलवर दोन ठिकाणी डाग पडले. मी एका फोटोत अर्धाच आहे. बाकीचे उत्तम.

आजीचा रोल धुवायला त्याने आणखी आठवडा घेतला. आम्ही एकदाही विचारलं नाही. म्हणजे ठरवूनच विचारलं नाही. लॅबला पाठवतो म्हणाला असता तरी चाललं असतं. मग एका शनिवारी रात्री फोन आला, उद्या सकाळी या.

खोलीच्या खिडकीला गोधडी, दाराच्या फटीत टॉवेल. अंधारात फक्त त्याचा श्वास आणि फिल्मची करकर ऐकू येत होती. चढवायला त्याला चांगली दहा मिनिटं लागली. एकदा त्याने अख्खी फिल्म परत काढली आणि पुन्हा सुरुवात केली. टाकीचं झाकण लागल्यावर दार उघडलं. साडेसात मिनिटं मी घड्याळ धरलं. दर मिनिटाला दहा सेकंद टाकी उलटीसुलटी. मग डेव्हलपर थांबवायला साधं पाणी, मग फिक्सर, मग त्या तीन टाक्या. त्याची आई चुलीपाशी भाकरी थापत होती, पण भाकरी थापल्याचा आवाज मधूनच थांबत होता.

झाकण काढून त्याने फिल्म उलगडली आणि अंगणातल्या तारेला टांगली. खाली वजन म्हणून दोन चिमटे. ३६ फोटो, त्यातले नऊ आजीचे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं. आकाश काळं, सावली पांढरी. आजीचे पांढरेशुभ्र केस त्यात काळेभोर दिसत होते. आई पदराला हात पुसत आली, उन्हात डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "आत्या त जवान दिसून रायल्या बाई!"

कॉप्या काकांनी काढून दिल्या. निगेटिव्ह स्कॅन करायचं मशीन त्यांच्याकडे नव्हतं, म्हणून मोबाइलच्या पांढऱ्या स्क्रीनवर पट्टी ठेवून दुसऱ्या मोबाइलने फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर उलटा केला. ओट्यावर बसलेल्या आजीचा मोठा केला, तो घरात लागला. बैलांना ओवाळतानाचा पोस्टकार्ड साइज, सहा कॉप्या, सगळ्या आत्यांसाठी. पैसे निगेटिव्हने दिले. काकांनी या वेळी पूर्ण घेतले.

डब्यातले दोन रोल अजून बाकी आहेत. ते कलरचे आहेत. मे महिन्याची वाट बघतोय.